शब्दांची मात्रा

औषधाच्या कपाटात जस्त असते, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. जस्त म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो घरावरचा जस्ती पत्रा, नाहीतर विहिरीवरची जुनी बादली. पण नागपूरच्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी हैराण झालेल्या पोराच्या पाठीला जे गुलाबी कॅलामाइन लोशन लावतात, त्याचा मुख्य घटक जस्ताचाच असतो. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली लाल झालेल्या कातडीवर लावायचे पांढरे मलम जस्ताचे. दंतवैद्य दाढ तात्पुरती बुजवतात तेव्हा तोंडात लवंगेचा वास दरवळतो. त्या लवंगतेलाच्या अर्कात कालवलेली पांढरी पूड जस्ताची. जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनीबरोबर जी लहानशी गोळी पाण्यात विरघळवून देतात, तीही जस्ताच्या क्षाराची.

वेष्टनावर मात्र जस्त हा शब्द शोधून सापडत नाही. तेथे झिंक असते. कुठे झिंक ऑक्साइड, कुठे झिंक सल्फेट, आणि तेही बहुधा इंग्रजी लिपीत. पत्र्याचे नाव एक आणि औषधाचे दुसरे. घरची गृहिणी दोन्ही वस्तू हाताळते, पण त्या दोहोंत धातू एकच आहे हे तिला कोणी सांगत नाही. औषध तिच्या घरात आले. औषधाचे ज्ञान मात्र दाराबाहेरच थांबले.

ते ज्ञान दाराच्या आत यावे म्हणून एका विद्वानाने आपल्या उमेदीची दहा वर्षे नागपुरात बसून शब्द घडविण्यात घालवली. डॉ. रघुवीर हे त्यांचे नाव. जुन्या पिढीतील नागपूरकर ते नाव काढले की थोडे आदराने आणि थोडे मिस्कीलपणे हसतात. नव्या पिढीला ते बहुधा ठाऊकही नसते. कौतुक आणि थट्टा या दोन्हींच्या पलीकडे जाऊन या माणसाकडे पाहायला हवे, कारण त्यांनी हाती घेतलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

रावळपिंडीहून नागपूरला

रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. लाहोरला शिक्षण झाल्यावर ते युरोपात गेले आणि लंडन व हॉलंडमधील विद्यापीठांच्या पदव्या घेऊन परतले. त्यांचा मूळ पिंड वैदिक वाङ्मयाच्या संशोधकाचा. कपिष्ठल-कठ-संहितेसारखा दुर्मीळ ग्रंथ त्यांनी संपादित केला. महाराष्ट्राशी त्यांचा पहिला मोठा संबंध आला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरामुळे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे प्रचंड काम तेथे चालू होते, त्यातील विराटपर्वाचे संपादन रघुवीर यांच्याकडे आले आणि १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शेकडो हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहायचे, एकेका अक्षरासाठी दिवस खर्च करायचे, अशी ही विद्या. शब्दाकडे पाहण्याची त्यांची नजर अशा कामात तयार झाली.

लाहोरला ते संस्कृतचे प्राध्यापक होते. तेथेच त्यांनी सरस्वती विहार ही संस्था उभारली. तिचे इंग्रजी नाव इंटरनॅशनल अकादमी ऑफ इंडियन कल्चर. भारतीय संस्कृतीच्या खुणा आशिया खंडात जेथे जेथे पसरल्या, तेथून ग्रंथ, शिलालेख आणि चित्रे गोळा करायची, हा त्या संस्थेचा एक हेतू होता. दुसरा हेतू अगदी आजचा होता. आधुनिक विज्ञानाची इंग्रजी परिभाषा भारतीय भाषांत आणायची. त्या कामाला लाहोरलाच सुरुवात झाली आणि पहिला हात घातला तो रसायनशास्त्राला.

१९४६ मध्ये, फाळणीच्या आदल्या वर्षी, संस्था लाहोरहून नागपूरला आली. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. पंडित रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ होते आणि राज्यकारभार हिंदी व मराठी या दोन भाषांत आणण्याचा त्यांचा निर्धार होता. प्रांताच्या एका भागात हिंदी, दुसऱ्या भागात मराठी आणि राजधानीच्या बाजारात दोन्हींची सरमिसळ. अशा ठिकाणी दोन्ही भाषांना चालतील असे शब्द हवे होते. रघुवीर यांच्याजवळ त्याची योजना तयार होती. शुक्लांना माणूस हवा होता आणि रघुवीर यांना आश्रय. दोघांचेही जमले.

फळ्यावर काय लिहायचे?

काळ कोणता होता हे लक्षात घेतले पाहिजे. देश स्वतंत्र होत होता. नागपूर विद्यापीठात मराठी व हिंदी माध्यमातून शिकविण्याचा विचार जोरात होता. १९४७ मध्ये नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा प्रश्न सरळ होता. मराठीतून रसायन किंवा औषधशास्त्र शिकवायला उभा राहिलेला शिक्षक फळ्यावर काय लिहिणार?

त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. झिंक सल्फेट हेच नाव देवनागरीत लिहायचे, ही पहिली. बाजारात आणि वैद्यांच्या दुकानात जे शब्द आहेत ते उचलायचे, ही दुसरी. सगळी परिभाषा नव्याने आणि शिस्तीने घडवायची, ही तिसरी.

दुसरी वाट सर्वांत सोपी दिसते, पण तिच्यात खाचखळगे फार. बाजारातला शब्द ओळखीचा असतो, पण काटेकोर नसतो. सफेता या शब्दाचेच पाहा. रंगाऱ्याच्या दुकानात मिळणारा सफेता शिशाचाही असू शकतो आणि जस्ताचाही. दोन्ही पुडी पांढऱ्या, दोन्ही दिसायला सारख्या. पण जस्ताची पूड मलमात घालतात, आणि शिसे हे विष आहे. नाव एक आणि वस्तू दोन असतील तर वैद्यकात माणूस दगावू शकतो. आयुर्वेदातही ही अडचण होती. खर्पर म्हणजे नेमका कोणता पदार्थ, यावर वैद्यमंडळींचे दीर्घकाळ वाद झाले. आज खर्पर म्हणजे जस्ताचे खनिज असे बहुतेक मानतात.

रघुवीर यांनी तिसरी वाट धरली. त्यांचा युक्तिवाद असा की, युरोपातील शास्त्रज्ञांनीही विज्ञानाचे शब्द घरातल्या बोलीतून घेतलेले नाहीत. ते त्यांनी ग्रीक आणि लॅटिन या कोणीही घरी न बोलणाऱ्या भाषांतून घडवले. मग आपण ते संस्कृतातून का घडवू नयेत? संस्कृतात सुमारे ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय घेतले तरी त्यांच्या जुळणीतून ८,३२,००० शब्द होऊ शकतात, असा हिशेब ते मांडत. शिवाय संस्कृत शब्द मराठी, बंगाली, कन्नड, हिंदी अशा सर्व भाषांना थोडाफार परिचित. म्हणून त्यांनी आपल्या कोशाला आंग्ल-भारतीय असे नाव दिले आणि आरंभीच्या भागांत देवनागरीबरोबर बंगाली, कन्नड आणि तामिळ लिप्यांतही शब्द छापले.

हा विचार महाराष्ट्राला परका नव्हता. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसविण्याचेच काम झाले होते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये शासनशब्दकल्पतरू काढला. पुण्याला य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी शास्त्रीय परिभाषा कोश तयार केला. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविण्याचे वर्गही चालले होते. रघुवीर या परंपरेतलेच. फरक एवढाच की त्यांच्या आधीच्यांनी शब्द जमवले. रघुवीर यांनी शब्द तयार करण्याचा कारखानाच उभारला.

कुप्यातूची गोष्ट

हा कारखाना चालत कसा असे, ते जस्ताच्याच उदाहरणावरून पाहता येईल. इंग्रजीत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशा पुष्कळ धातूंच्या नावांचा शेवट सारखा असतो. त्यामुळे नाव ऐकताच हा धातू आहे हे कळते. रघुवीर यांनी धातूंसाठी आतु हा शेवट ठरवला. खाऱ्या पदार्थांतील सोडियम तो क्षारातु. जाळणारा पोटॅशियम तो दहातु. चुन्यातील कॅल्शियम तो चूर्णातु. तुरटीतील, म्हणजे स्फटीतील, ॲल्युमिनियम तो स्फट्यातु. किरण सोडणारे युरेनियम ते किरणातु. सोने-चांदी सोडून इतर धातूंना संस्कृतात कुप्य म्हणत. त्यावरून जस्त झाले कुप्यातु.

वायूंची आणि इतर मूलद्रव्यांची नावेही अशीच घडली. कार्बन म्हणजे प्रांगार, हायड्रोजन म्हणजे उदजन, क्लोरीन म्हणजे नीरजी. आयोडीनच्या वाफा जांभळ्या असतात म्हणून ते जम्बुकी. ऑक्सिजनला त्यांनी जारक म्हटले. आपल्या रसशास्त्रात जारण ही एक मोठी प्रक्रिया आहे. तिच्याशी नाते जोडून हा शब्द आला. जारकाचा संयुग तो जारेय. म्हणजे कार्बन डायऑक्साइड झाला प्रांगार द्विजारेय, आणि बाळाच्या मलमातील झिंक ऑक्साइड झाले कुप्यातु जारेय.

या नावांत एक सौंदर्य आहे, हे कबूल केले पाहिजे. एकदा किल्ली हाती आली की विद्यार्थी शेकडो कुलुपे स्वतः उघडू शकतो. वैद्यकालाही अशा किल्लीची फार गरज असते. इंग्रजीत आयटिस हा शेवट दिसला की डॉक्टरला कळते, त्या अवयवाला सूज किंवा दाह आहे. तसाच आपल्याकडे शोथ हा शब्द एकदा समजला की यकृतशोथ, संधिशोथ, मस्तिष्कशोथ ही सगळी कुळी सामान्य माणसालाही उलगडते. यकृत कोठे असते हे ज्याला माहीत आहे, त्याला यकृतशोथ कळायला डॉक्टरी शिकावी लागत नाही. हेपेटायटिस हा शब्द ऐकून मात्र त्याला फक्त भीती वाटते.

आणखी एक गंमत आहे. ऑक्सिजन या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा असा होतो. अठराव्या शतकात शास्त्रज्ञांना वाटले होते की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. पुढे ते चूक ठरले. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर रघुवीर यांचा जारक हा ऑक्सिजनपेक्षा अधिक खरा शब्द होता. तरी टिकला तो ऑक्सिजन. शब्दाचे आयुष्य त्याच्या व्युत्पत्तीवर नव्हे, वापरावर ठरते, हा धडा रघुवीर यांच्या वाट्याला पुढे वारंवार येणार होता.

घरचा शब्द मागे राहिला

कुप्यातु हा शब्द रुजला नाही. कारण उघड आहे. जस्त घरोघरी आधीपासून होते, आणि नुसते बादलीत नव्हते. जस्ताचे नाते या देशाशी फार जुने आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे शेकडो वर्षांपूर्वी जस्त मोठ्या प्रमाणावर काढले जाई. हे काम सोपे नव्हते. खनिज कोळशाबरोबर तापवले की जस्त वितळून खाली न बसता वाफ होऊन उडून जाते, कारण ते ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळते. आपल्या कारागिरांनी त्यावर युक्ती काढली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस करायची, तिचे तोंड नळीने खाली वळवायचे आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवून धातू धरायचा. रसशास्त्राच्या ग्रंथांत या मुशीला वृंताक मूषा असे नाव आहे. वृंताक म्हणजे वांगे. नागपूरपासून जवळच रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे, आणि रसविद्येच्या या आचार्याशी लोकपरंपरेने तिचे नाते जोडले आहे.

औषधातही जस्त होतेच. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात यशद हे नाव धातूंच्या वर्गात येते. यशद भस्म वैद्य डोळ्यांच्या विकारांवर आणि प्रमेहावर देत आले आहेत. भस्म हे शोधन-मारणाच्या संस्कारांनंतरच औषध होते आणि ते जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यायचे, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे. यशद, जसद, जस्त अशी ही शब्दांची साखळी. ग्रंथातला शब्द आणि बोलीतला शब्द येथे हातात हात घालून उभे होते. मुंबई-पुण्याच्या शाळांत प्राणवायू, नत्र, कर्ब हे शब्दही मुलांच्या तोंडी बसलेले होते.

रघुवीर यांच्या शिस्तीत या शब्दांना जागा मिळाली नाही. सगळ्या धातूंचा शेवट सारखा हवा, म्हणून जस्ताला कुप्यातु व्हावे लागले. तर्क बिनतोड होता, पण ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या माणसाला झिंक जितके परके, तितकेच कुप्यातु परके. एका अनोळखी शब्दाच्या जागी दुसरा अनोळखी शब्द आला. त्यातही पहिला निदान औषधाच्या दुकानात चालत होता.

मग थट्टा सुरू झाली. रघुवीरी हिंदी असा शब्दच निघाला. गळ्यातल्या टायला आणि आगगाडीला दिलेले हास्यास्पद लांबलचक प्रतिशब्द त्यांच्या नावावर खपविले जाऊ लागले. ते त्यांनी केलेले नव्हते, पण चेष्टेला पुरावा लागत नाही. पंडित नेहरूंनाही ही संस्कृतप्रचुर भाषा जड वाटे. थट्टा करणाऱ्यांना एका गोष्टीचा विसर पडला. संसद, विधेयक, अभियंता असे शब्द रुळविण्यात रघुवीर यांचा मोठा वाटा होता, आणि तेच शब्द वापरून लोक त्यांना हसत होते. अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलाला प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या बापाला तो शब्द कोणे एके काळी अवघड होता, हे आज खरेही वाटणार नाही.

नागपूरची दहा वर्षे

थट्टेने रघुवीर डगमगले नाहीत. नागपुरात कोशाचे काम चालूच राहिले. १९४९ मध्ये भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतील पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांचा ग्रंथ येथून निघाला, त्यात के. एन. दवे यांच्यासारख्या जाणकाराचे सहकार्य होते. संस्कृत वाङ्मयातील पक्ष्यांची जुनी नावे हुडकून ती नेमक्या पक्ष्याशी जुळविण्याचा तो प्रयत्न होता. १९५४ मध्ये जैमिनीय ब्राह्मणाची आवृत्ती त्यांनी आपले पुत्र लोकेशचंद्र यांच्यासह येथूनच प्रसिद्ध केली. १९५५ मध्ये शासकीय आणि शैक्षणिक शब्दांचा बृहद् इंग्रजी-हिंदी कोश बाहेर पडला. रसायनापासून राज्यकारभारापर्यंत आणि पक्ष्यांपासून वेदांपर्यंत पसरलेले हे काम एका शहरात, एका संस्थेत, एका माणसाच्या देखरेखीखाली चालले होते.

याच काळात ते घटना समितीचे सदस्य होते आणि पुढे राज्यसभेवर गेले. १९५५ मध्ये त्यांनी चीनचा तीन महिन्यांचा दौरा केला आणि तेथून बौद्ध ग्रंथांचे, हस्तलिखितांचे मोठे भांडार आणले. मंगोलियापासून इंडोनेशियापर्यंत त्यांचा संचार होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, शुक्लांचे मध्य प्रदेश राज्य भोपाळला गेले आणि नागपूरचे राजधानीपण संपले. ज्या दोन भाषांच्या शहरासाठी ही योजना आखली होती, त्या शहराचे राजकीय स्थानच उरले नाही. त्याच वर्षी रघुवीर यांची संस्था दिल्लीला हलली. पाठीशी सरकार असते तोवर शब्द फायलींत चालतात. सरकार उठून गेले की शब्दांना स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. रघुवीर यांचे काही शब्द उभे राहिले, पुष्कळसे कोसळले.

चीनविषयीच्या धोरणावर मतभेद होऊन त्यांनी काँग्रेस सोडली आणि १९६२ च्या अखेरीस ते जनसंघाचे अध्यक्ष झाले. पुढे पाच महिन्यांतच, १४ मे १९६३ रोजी, कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे साठ. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत डॉ. राममनोहर लोहिया उभे होते आणि त्यांच्या प्रचारासाठी रघुवीर निघाले होते. इंग्रजी हटली पाहिजे यावर दोघांचे एकमत. पण लोहियांचा आग्रह असा की शब्दांची वाट पाहत बसू नका; जी भाषा येते ती वापरा, वापरता वापरता शब्द आपोआप घडतील. रघुवीर म्हणत, आधी शब्द हवेत. या दोन टोकांमध्ये आपल्या भाषांचा प्रश्न आजही अडकून आहे.

गोळी समजली पाहिजे

रघुवीर गेले त्या सुमारास जस्ताच्या बाबतीत एक मोठी गोष्ट घडत होती. ते नागपुरात कुप्यातु जारेय असे शब्द जुळवीत होते तेव्हा जस्त हे मुख्यतः बाहेरून लावायचे किंवा डोळ्यांत घालायचे औषध होते. माणसाच्या शरीराला रोजच्या अन्नातून जस्त मिळावे लागते, ते न मिळाल्यास वाढ खुंटते, हे तोवर कोणी दाखवून दिले नव्हते. १९६१ ते १९६३ या काळात इराण आणि इजिप्तमधील खुजे राहिलेल्या तरुणांचा अभ्यास करून ते पुढे आणले, मूळचे बिहारचे असलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात जस्त असते जेमतेम दोन ते तीन ग्रॅम. पण जखम भरणे, रोगाशी झुंजणे, आतड्याचे अस्तर दुरुस्त होणे यांपैकी काहीही त्याच्यावाचून नीट होत नाही. शरीर त्याचा साठाही करून ठेवू शकत नाही.

या शोधातून पुढे जुलाबाच्या उपचारात बदल झाला. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्तपणे सांगितले की, जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी. शब्दाचे महत्त्व कळते ते येथे. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात. आईला वाटते, पोर बरे झाले, आता गोळी कशाला? ती बंद करते. ही गोळी जुलाब थांबवण्यापुरती नाही; आतड्याची झीज भरून यावी आणि पुढच्या काही महिन्यांत जुलाब पुन्हा होऊ नयेत यासाठी आहे, हे तिला कळले तरच ती ठरलेले दिवस पुरे करील. गोळी किती आणि किती दिवस द्यायची ते डॉक्टरांनी सांगावे. पण ती का द्यायची हे आईला तिच्या भाषेत समजलेच पाहिजे.

जलसंजीवनी हा शब्दच पाहा. तोही संस्कृतातून घडवलेला, तोही नवा. पण तो अंगणवाडीच्या बाईपासून आजीपर्यंत सर्वांनी उचलला. त्यातले जल आणि संजीवनी हे दोन्ही शब्द लोकांना कीर्तन-पुराणांतून ठाऊक होते, आणि मीठ-साखरेच्या पाण्याबरोबरच तो घरात आला. वस्तू आणि शब्द एकाच पावलाने उंबरठा ओलांडून आले. रक्तदाब, कर्करोग, जीवनसत्त्व, अतिदक्षता विभाग हे शब्दही असेच रुळले. तेव्हा संस्कृत शब्द चालत नाहीत हा आक्षेप खरा नाही. लोकांच्या आधीच्या ओळखीला धरून आलेले शब्द चालतात; ती ओळख पुसून आलेले शब्द चालत नाहीत.

१९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली त्याने मधली वाट काढली. मूलद्रव्ये आणि संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवायची आणि कल्पनांना भारतीय शब्द द्यायचे. महाराष्ट्रात १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले. २०२२ च्या ऑक्टोबरात भोपाळला वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांत बहुतेक शास्त्रीय संज्ञा इंग्रजीच आहेत, फक्त देवनागरीत लिहिलेल्या. रघुवीर यांचा मार्ग सोडून शासनाने शिक्षकापुढच्या त्या तीन वाटांपैकी पहिली वाट धरली. डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्याला ती सोयीची आहे, यात शंका नाही. त्याला जगभरची नियतकालिके वाचायची आहेत.

पण डॉक्टरसमोर बसलेल्या माणसाचे काय? त्याला जगभरची नियतकालिके वाचायची नसतात. आपल्याला काय झाले आहे आणि काय दिले आहे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. त्याच्यासाठी देवनागरीत लिहिलेले झिंक सल्फेट मोनोहायड्रेट हे इंग्रजीइतकेच मुके आहे. लिपी बदलली म्हणजे अर्थ पोचला, असे होत नाही. रघुवीर यांनी हा माणूस नजरेसमोर ठेवला होता, हे त्यांचे मोठेपण. त्याच्या घरात आधीच जस्त आहे हे त्यांनी पाहिले नाही, ही त्यांची मर्यादा. आपण आज त्यांच्या मर्यादेला हसतो आणि तो माणूसच विसरतो.

आयुर्वेदात मात्रा उगाळून देतात, ती थोडी थोडी आणि अनुपानासह. मध नाहीतर दूध असे काही ओळखीचे बरोबर असले म्हणजे कडू मात्राही पोटात जाते. शब्दांचेही तसेच आहे. औषधाच्या पाकिटावर झिंक राहू द्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवरही राहू द्या. पण त्याच्या शेजारी जस्त हा शब्द आणि ही गोळी कशासाठी आहे याची एक साधी मराठी ओळ असायला कोणाची हरकत आहे? ती ओळ लिहायला कोशकार लागत नाही. औषध देणाऱ्या डॉक्टरने, परिचारिकेने, औषधाच्या दुकानदाराने अर्धा मिनिट खर्च केला तरी ती तोंडी सांगून होते. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात दहा वर्षे लाखभर शब्दांसाठी जिवाचे रान केले, त्यातला निदान एवढा हेतू तरी आपण पुरा करायला हवा.